‘बंद’ असा रकाना नाही

कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणायचे. बावीस वर्षांत ते नाव तिला इतकं चिकटलं की वस्तीतल्या निम्म्या लोकांना तिचं खरं नाव ठाऊक नव्हतं. शर्टांना बटणं लावणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण बटण ज्यातून जातं ते काज पाडायचं काम तिच्या एकटीच्या टेबलावर यायचं. पुढच्या पट्टीवर सहा उभी, कॉलरला एक आडवं, दोन्ही कफांना एकेक. यंत्र आधी काजाच्या दोन्ही कडा दाट शिवून घेतं आणि मग मधोमध खटकन सुरी मारतं. बाकीची शिलाई चुकली तर उसवता येते, काज चुकलं की शर्ट गेलाच. म्हणून त्या टेबलावर गप्पा नाहीत, गाणी नाहीत, डोळा इकडचा तिकडे नाही. नव्याने लागलेल्या मुली तिला वचकून असायच्या. तिच्या कपाळावरची आठी रागाची नसून नजर रोखून रोखून पडलेली आहे, हे कळायला त्यांना वर्ष लागायचं.

घरात ती आणि सासू. नवरा आठ वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. सासूला साखरेचा आजार होता, दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचावं लागायचं. म्हातारीची नजर अधू झाली होती, पण जिभेला मात्र कसलाच आजार नव्हता.

कारखान्यातले शर्ट सातासमुद्रापार एका श्रीमंत देशात जायचे. एके वर्षी त्या देशाने बाहेरून येणाऱ्या कपड्यांवरचा कर वाढवला. सगळ्यांवर सारखा वाढवला असता तर कदाचित निभावलं असतं, पण कुणावर जास्त, कुणावर कमी, जशी ज्याच्याशी मैत्री. दोन महिन्यांत ऑर्डरी दुसरीकडे गेल्या. मॅनेजरने कापडाच्या टेबलावर उभं राहून कारखाना बंद होत असल्याचं सांगितलं आणि खाली उतरताना त्यालाच रडू फुटलं.

“इतकी वर्षं आपण स्वस्त होतो, म्हणून काम होतं,” कटिंग मास्तर म्हणाले. हे कापड बेतणारे म्हातारे गृहस्थ, कारखान्यात सगळ्यात जुने. “आता आपल्याहून स्वस्त कुणीतरी सापडलं त्यांना.”

“म्हणजे आपण महाग झालो?” बटणं लावणारी एक जण म्हणाली. “अगं बाई, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!”

सगळ्या हसल्या. हसता हसता दोघीतिघी भिंतीला टेकून खाली बसल्या, त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

नवी यंत्रं एका व्यापाऱ्याने उचलली. जुनी कुणालाच नको होती, ती भंगारात जाणार होती. काजवालीचं यंत्र त्यातच होतं. ती मॅनेजरकडे गेली. “बावीस वर्षं या मशीनसमोर बसले. भंगारात घालायची तर मला द्या.” मॅनेजर म्हणाला, “घेऊन जा, पण करणार काय तिचं? हिला कारखान्याची तीन फेजची वीज लागते. तुमच्या घरात एक दिवा आणि एक पंखा.” तरी तिने हातगाडी आणली. चौघींनी मिळून टेबलासकट, मोटारीसकट ते धूड घरात नेलं. दारातून आत शिरेना, तेव्हा चौकट काढावी लागली.

सासूने हात फिरवून फिरवून पाहिलं. “हे काय आणलंस? खातं की गातं?”

“काही करत नाही, आई. नुसतं बसणार आहे.”

“मग ठेव. तेवढीच मला सोबत.”

पुढे त्या यंत्रावर अंथरुणाच्या घड्या राहू लागल्या. काजवाली तीन घरची धुणीभांडी करू लागली आणि गाडा कसाबसा चालू राहिला, तो सवलत कार्डाच्या जोरावर. वस्तीत जवळजवळ प्रत्येक घरात हे कार्ड होतं. त्यावर धान्य मिळायचं आणि सरकारी दवाखान्यातून औषधं. सासूचं इन्सुलिन त्यावरच येत होतं.

पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. त्याच वर्षी सरकारने ठरवलं की सवलत आता सरसकट द्यायची नाही, फक्त खऱ्या गरजूंना द्यायची. देशाला कर्ज देणाऱ्या बाहेरच्या मंडळींची तशी अट होती, असं मास्तरांनी वर्तमानपत्रात वाचलं. खरा गरजू कोण, हे ठरवायला घरोघरी पाहणी सुरू झाली. काजवालीकडे एक तरुण मुलगी हातात टॅब घेऊन आली. बिचारी उन्हाने लाल झाली होती, दोन ग्लास पाणी प्यायली. भिंती कशाच्या, नळ कुठे, माणसं किती, असं विचारत गेली. मग तिची नजर कोपऱ्यात गेली.

“हे अंथरुणाखाली काय आहे?”

“काजाचं यंत्र.”

मुलीने काहीतरी दाबलं, आभार मानले आणि पुढच्या घरात गेली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

सहा आठवड्यांनी दवाखान्यातल्या नर्सने कार्ड यंत्राला लावलं आणि लाल दिवा लागला. तिने पुन्हा लावलं, पुन्हा लाल. “कार्ड बंद झालंय,” नर्स हळूच म्हणाली. “तुमच्या घरात उत्पादक यंत्र आहे, असं दाखवतंय. तुम्ही उद्योजक आहात.”

“मी कोण आहे?”

“उद्योजक.”

काजवालीला आधी हसू आलं आणि मग तळपायाची आग मस्तकाला गेली. नर्सने आपल्या जबाबदारीवर पंधरा दिवसांचं इन्सुलिन दिलं. “यापुढे माझ्याही हातात काही नाही,” तिने सांगितलं.

मग सल्ले सुरू झाले. फुकट सल्ल्याला तोटा कधीच नसतो. शेजारीण म्हणाली, यंत्र कुणाकडे तरी लपव आणि पाहणी पुन्हा करायला सांग. भंगारवाला स्वतःहून दारात येऊन गेला. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, विकून टाक ना. एका लोखंडाच्या तुकड्यापायी आजीच्या औषधाचे हाल करणार आहेस का?”

हे शेवटचं तिला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने अंथरुणं उतरवली, यंत्र पुसलं, भंगारवाल्याला बोलवायचंही मनात आणलं. मग ती सासूजवळ येऊन बसली.

“विकू का, आई?”

“विकलीस तर कार्ड लगेच मिळेल?”

“नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा पाहणी. वर्षभराने.”

“आणि तोवर लोक काय म्हणतील? यंत्र होतं, ते लपवलं. म्हणजे चोर आपणच.” तिने सुनेचा हात चाचपून धरला. “त्यांनी खोटं लिहिलंय. खोटं लिहिणाऱ्याने खोडावं. आपण का घर मोकळं करायचं?”

दुसऱ्या दिवशी काजवाली कामाच्या घरी सुटी सांगून कचेरीत गेली. कचेरीत एकच खिडकी उघडी होती. खिडकीतल्या बाई तिच्याच वयाच्या, चष्मा कपाळावर, समोर गठ्ठ्यांचा डोंगर.

“यंत्र आहे ना घरात?” बाईंनी विचारलं.

“आहे. पण चालत नाही.”

“आहे की नाही, एवढंच सांगा.”

“आहे. बंद आहे.”

बाईंनी कागद उलटा करून काचेला लावला. “हे बघा. ‘आहे’ आणि ‘नाही’. दोनच रकाने आहेत. ‘बंद’ असा रकानाच नाही.”

“मग तो रकाना करतं कोण?”

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या खिडकीवर रोज रडणारे येत, भांडणारे येत, वशिला लावणारेही येत. हा प्रश्न मात्र आजवर कुणी विचारला नव्हता.

“वर राजधानीत होतो तो,” बाई आवाज उतरवून म्हणाल्या. “पण महिन्याच्या पहिल्या मंगळवारी इथे सुनावणी असते. मोठे साहेब येतात. अर्ज द्या, सोबत पुरावा जोडा.”

“पुरावा म्हणजे?”

“फोटो, पावती, साक्षीदार.” बाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं. “किंवा वस्तू. ‘संबंधित वस्तू समक्ष सादर करता येईल’ असं लिहिलंय खरं. पण वस्तू कुणी आणत नाही.”

“मी आणीन,” काजवाली म्हणाली.

परत येताना तिच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. उद्योजक झालेली आपण एकटीच असू का? ती मास्तरांकडे गेली. मास्तरांच्या घरी कपडे बेतायच्या जाड तपकिरी कागदाचं एक भेंडोळं शिल्लक होतं. त्यांनी त्याचा हातभर रुंद तुकडा फाडला, पट्टीने रेघा मारल्या आणि म्हणाले, “चल. तू विचार, मी लिहितो.”

दोघं आठ दिवस कामं आटोपून वस्तीभर फिरली. एका जोडप्याकडे बंद पडलेला फ्रीज होता. त्यात उंदरांपासून जपून ठेवलेलं पीठ. एका म्हाताऱ्याकडे सुऱ्यांना धार लावायचं चाक होतं, पण त्याचे हात थरथरायचे, गेल्या तीन वर्षांत चाकाला त्याचा पाय लागला नव्हता. एकीकडे वजनकाटा होता, नवऱ्याच्या भाजीच्या गाडीवरचा. गाडी नगरपालिकेने उचलून नेली, नवरा परगावी गेला, काटा मागे राहिला. एका केस कापणाऱ्याची गोल फिरणारी खुर्ची होती. दुकान गेलं होतं, खुर्चीवर त्याची पांगळी मुलगी बसायची. सगळे उद्योजक! कागदावर एक्केचाळीस घरं झाली. सगळ्यांची कार्डं लाल, आणि प्रत्येकाला वाटत होतं की चूक फक्त आपल्याच बाबतीत झाली. काहींना तर लाज वाटत होती. आपल्याकडे काहीतरी आहे म्हणजे आपणच कुणाचं तरी खाल्लं, असं.

“बाई, तू तर मोठ्या टोळीची सरदारीण निघालीस,” मास्तर म्हणाले.

“टोळी सध्या कागदावरच आहे, मास्तर. मंगळवारी किती येतात ते बघू.”

आले सव्वीस जण. सकाळी पुन्हा चौकट काढली, चौघींनी यंत्र हातगाडीवर चढवलं आणि सगळा तांडा कचेरीकडे निघाला. चढावर चाक रुतलं तेव्हा रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांनी हात लावला. दारातल्या शिपायाने अडवलं. “हे आत नाही नेता येणार.” खिडकीतल्या बाई आतून बाहेर आल्या, पुस्तकाचं पान उघडून त्याच्या नाकासमोर धरलं आणि परत खिडकीवर गेल्या. शिपायाने दाराची दुसरी फळी उघडली.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, मागे मोठे साहेब, शेजारी संगणकावर एक कारकून. साहेब पन्नाशीचे, दमलेले, सकाळपासून तक्रारी ऐकून कंटाळलेले. त्यांनी यंत्राकडे पाहिलं.

“हे काय आहे?”

“पुरावा.”

मागे कुणीतरी खुसखुसलं. साहेबांनी कागद पाहिले. “म्हणजे यंत्र आहे. तुम्हीच आणून दाखवताय.”

“हो साहेब. आता चालवून दाखवायचंय. वायर कुठे लावू?”

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई भिंतीकडे गेला, वायरीचं टोक पाहिलं, खोलीतले सगळे प्लग धुंडाळले आणि मान हलवत परत आला. “साहेब, हे आपल्याकडे लागत नाही.”

“या मशीनला तीन फेजची वीज लागते,” काजवाली म्हणाली. “ती तुमच्या कचेरीतही नाही, साहेब. माझ्या घरात कुठून येणार? इथे ही चालली असती तर मी आल्या पावली परत गेले असते. उद्योजक म्हणून.”

आता हशा मोकळाच झाला. साहेबही ओठांच्या कोपऱ्यात हसले, पण लगेच सावरले. “हे बघा बाई, नावं मी काढलेली नाहीत. गुण संगणक देतो. एका ठरलेल्या संख्येच्या वर गुण गेले की कार्ड बंद. त्यात कुणाचा दोष नाही.”

कारखान्यात काजवाली फारशी बोलत नसे, आणि इतक्या लोकांसमोर तर जन्मात बोलली नव्हती. तिने एक हात यंत्रावर ठेवला.

“संगणकाला मी दोष देत नाही, साहेब. हे यंत्रसुद्धा कपडा जसा सरकवावा तसंच काज पाडतं. वाकडा सरकवला तर वाकडं पाडतं. म्हणून काज वाकडं गेलं की आम्हाला कुणी यंत्राचं नाव सांगू देत नव्हतं. विचारायचे, हात कुणाचा होता? मी तेवढंच विचारते.”

कारकुनाची बोटं थांबली.

साहेबांनी पेन उचललं. “तुमच्या कागदावर मी विशेष शेरा मारतो. कार्ड पंधरा दिवसांत चालू होईल. झालं समाधान?”

हाच क्षण अवघड होता. मागे सव्वीस माणसं उभी होती आणि सगळ्यांचे डोळे तिच्या पाठीवर. घरी गार मडक्यात इन्सुलिनची एक शेवटची बाटली होती. नको म्हणणं ऐकायला फार छान वाटलं असतं. पण औषध ही मिरवायची गोष्ट नाही, हे तिला पक्कं कळत होतं. तिने कागद पुढे सरकवला. साहेबांनी शेरा मारला, सही केली. तिने कागदाची घडी घालून ठेवली आणि जागची हलली नाही.

“तुमचं झालंय, बाई.”

“माझं झालं, साहेब. आता पुढचं नाव.” तिने तपकिरी कागदाचं भेंडोळं टेबलावर उलगडलं. ते टेबलाच्या कडेवरून खाली लोंबलं. “हा म्हातारा धार लावणारा. हात दाखवा हो बाबा साहेबांना.”

म्हाताऱ्याने दोन्ही हात पुढे धरले. साहेबांनी ते नीट पाहिले. त्यांनी नुसता शेरा मारला.

त्या दिवशी कचेरी बंद होईपर्यंत अकरा नावं झाली. साहेब चहा प्यायलाही उठले नाहीत, हे त्यांच्याही बाजूने सांगायला हवं. उरलेल्यांना पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. काजवाली पुढच्या महिन्यात गेली, त्याच्या पुढच्याही महिन्यात गेली. एका घरचं काम त्यापायी सुटलं. साहेब बदलले, तेव्हा नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. वजनकाट्याच्या बाईचं नाव तिसऱ्या खेपेला लागलं. केस कापणाऱ्याचं लागलंच नाही. खुर्ची फिरते, म्हणजे चालू आहे, असं नव्या साहेबांनी ठरवलं आणि काही केल्या ऐकलं नाही. एक विधवा बाई तिची तारीख यायच्या आधीच गेली. तिच्या नावापुढे मास्तरांनी काहीच लिहिलं नाही, रकाना तसाच ठेवला.

आठव्या महिन्यात खिडकीतल्या बाईंनी तिला बोटाने जवळ बोलावलं आणि नवा छापील कागद काचेला लावला. यंत्र आहे का? आहे, नाही. त्याच्या खाली एक नवी ओळ होती: असल्यास, चालू आहे का?

“हे तुमच्यामुळे झालं का, ते मला ठाऊक नाही,” बाई म्हणाल्या. “पण इथून गेलेले सगळे शेरे मी दर महिन्याला वर पाठवत होते. कुणी मागितले नव्हते, तरीही.”

काजवालीने तो कागद मागून घेतला. घरी येऊन सासूला वाचून दाखवला.

“एवढ्या एका ओळीसाठी आठ महिने?” सासू म्हणाली.

“हो, आई.”

“सावकाश आहेत हो लोक.” आणि थोड्या वेळाने, “पुन्हा वाच बघू.”

यंत्राचंही पुढे बरं झालं. मास्तरांच्या पुतण्याने गणवेश शिवायचं छोटं वर्कशॉप काढलं, तिथे तीन फेजची वीज होती. यंत्र तिकडे गेलं आणि आठवड्यातून तीन दिवस काजवाली तिथे काजं पाडायला जाऊ लागली. जुन्या कारखान्याची सर त्याला नव्हती. काम कधी असतं, कधी नसतं. पुन्हा पाहणी झाली तर “चालू आहे” असंच सांगायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. तेव्हा काय व्हायचं ते होईल. नियम बरोबर असेल तर सोसू, चुकीचा असेल तर पुन्हा मंगळवार आहेच. सासूने घरातली रिकामी जागा चाचपून “आता मी एकटी पडले” अशी दोन दिवस कुरकुर केली.

मग एके दिवशी मास्तर सांगत आले की बंद कारखान्याच्या मागच्या बाजूला ताडपत्र्या टाकून पन्नासेक कुटुंबं राहतात, आणि त्यांच्याकडे पाहणी करणारं कुणी फिरकलंच नाही. ती जागा नकाशात रस्ता म्हणून दाखवलेली आहे, म्हणून तिथे घरंच नाहीत. त्यांची कार्डं बंद झाली नव्हती, कारण ती मुळात कधी निघालीच नव्हती.

“तपकिरी कागद उरलाय का, मास्तर?”

“उरलाय. पण या खेपेला जास्त लागेल.”

रविवारी सकाळी दोघं तिथे गेली. पहिल्या ताडपत्रीत कुणी नव्हतं. दुसरीच्या तोंडाशी एक बाई लेकराला न्हाऊ घालत बसली होती. अनोळखी माणसं आणि हातातला कागद पाहून ती घाबरून उठली, तिला वाटलं, उठवायला आलेत.

“बस, बस, घाबरू नकोस,” काजवाली म्हणाली आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली. “आधी त्याला न्हाऊ घाल, पाणी गार होईल. मग मला सांग, तुम्ही घरात किती जण?”